पैसे देऊन घरी जेवायला येणारे अनोळखी पाहुणे

राहत्या घरात अनोळखी माणसांना बोलावायचे, एखाद्या ठरावीक कल्पनेभोवती जेवण रचायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे, ही गोष्ट आता अनेक मोठ्या शहरांत रुळली आहे. कोणी एखाद्या ऐतिहासिक काळातली मेजवानी पुन्हा उभी करतो, कोणी एकाच घटकाभोवती सगळे पदार्थ बेततो, कोणी पाहुण्यांना संपूर्ण अंधारात जेवायला बसवतो, तर कोणी जेवता जेवता एका काल्पनिक गुन्ह्याचा तपास त्यांच्यावर सोपवतो. २००८ च्या मंदीनंतर लंडनसारख्या शहरांत अशा घरगुती ‘सपर क्लब’चा बराच बोलबाला झाला, पुढे यजमान आणि पाहुणे यांची गाठ घालून देणारी आणि त्याबद्दल कमिशन घेणारी संकेतस्थळेही आली. या टेबलाकडे कायद्याने घर म्हणून पाहावे की उपाहारगृह म्हणून, हा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी अर्धवट सोडलेला आहे. माझे मत असे की घरगुतीपणाची सवलत जरूर द्यावी, पण ती जागेच्या मापात, शुल्कात आणि कागदपत्रांत द्यावी. पाहुण्याच्या शरीराला किंवा प्रतिष्ठेला जिथे इजा पोहोचू शकते तिथे ती तसूभरही देऊ नये.

हा प्रकार मुळात जपण्यासारखा का आहे, हे आधी सांगायला हवे, कारण नियमांची भाषा करणारे लोक बहुधा तेवढेच विसरतात. आज आपण ज्याला रेस्टॉरंट म्हणतो ती व्यवस्था पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आली. त्याआधी तिथल्या खानावळीत आणि सराईत ‘ताब्ल दोत’ म्हणजे यजमानाचे टेबल असे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या किमतीत, यजमान जे वाढेल ते सगळ्यांनी एकत्र बसून खायचे. रेस्टॉरंटने माणसाला स्वतंत्र टेबल दिले, पदार्थांची यादी हातात दिली, हवे तेव्हा येण्याची आणि शेजारच्याशी एक शब्दही न बोलता जेवून जाण्याची मुभा दिली. ही फार मोठी सोय होती आणि तिच्यावर पुढचा सगळा धंदा उभा राहिला. परंतु त्या सोयीत एक गोष्ट मागे पडली, ती म्हणजे परक्या माणसांनी एकाच पातेल्यातले अन्न खात दोन-तीन तास एकमेकांना सहन करणे आणि त्यातून कधीकधी एकमेकांत रस घेऊ लागणे. घरातले कल्पनाधिष्ठित जेवण हे त्या जुन्या टेबलाचे पुनरागमन आहे. कल्पना, म्हणजे ज्याला सगळे ‘थीम’ म्हणतात ती, इथे केवळ सजावट नसते. ज्यांची आपसात ओळख नाही अशा दहा जणांना बोलायला ती एक समाईक विषय देते, आणि यजमानालाही रोज शंभर खुर्च्या भरायच्या नसल्यामुळे मोजक्याच लोकांना रुचेल असे काही करून पाहण्याचे धाडस होते. शिवाय भाडे, व्यावसायिक स्वयंपाकघराची उभारणी आणि नोकरवर्ग यांचा भार न घेता आपल्या हातच्या कौशल्यावर चार पैसे मिळवण्याचा हा थोड्या मार्गांपैकी एक आहे. ज्यांना भांडवल मिळत नाही, ज्यांना घर सोडून बाहेर नोकरी करता येत नाही, जे नव्या देशात नुकतेच आले आहेत, त्यांच्यासाठी या मार्गाचे मोल मोठे आहे.

या मार्गाच्या बाजूने केला जाणारा सर्वांत लाडका युक्तिवाद मात्र मला अमान्य आहे. ‘माझे घर, माझे पाहुणे, माझी चूल, मी स्नेह्यांना जेवू घालतो तेव्हा कोणी तपासणीला येते का?’ असा तो युक्तिवाद असतो. स्नेही आपल्या घरी जेवतो तेव्हा त्याचा विश्वास ओळखीवर उभा असतो. आपण किती नीटनेटके आहोत, आपल्या घरात कोण आजारी आहे, आपण सांगतो त्यातले किती खरे धरायचे, हे त्याला वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्यातून कळलेले असते. संकेतस्थळावरची छायाचित्रे पाहून पैसे भरणाऱ्या माणसाकडे यातले काहीही नसते. त्याचा विश्वास आपण त्याला जे दाखवले आणि सांगितले तेवढ्यावरच असतो, आणि अशा विश्वासावर पैसे घेणाऱ्या यजमानाने त्याची हमीही द्यायला हवी. म्हणूनच शुल्काला ‘ऐच्छिक वर्गणी’ किंवा ‘देणगी’ म्हणून नियमांतून निसटण्याची जी पद्धत काही ठिकाणी आढळते, ती मला अप्रामाणिक वाटते. रक्कम आधी जाहीर केलेली असेल आणि ती भरल्याशिवाय खुर्ची मिळत नसेल, तर तो व्यवहार विक्रीचाच आहे.

आता प्रत्यक्ष स्वयंपाकघरात येऊ. घरचे स्वयंपाकघर अस्वच्छ असते असे मी म्हणत नाही. कित्येक घरांचे ओटे व्यावसायिक ओट्यांपेक्षा लखलखीत असतात. अडचण स्वच्छतेपेक्षा प्रमाणाची आहे. चार जणांच्या कुटुंबासाठी घेतलेला फ्रिज, चार जणांसाठीची शेगडी आणि एकच भांडी धुण्याची जागा यांवर चौदा जणांचे सहा पदार्थांचे जेवण निघते, तेव्हा पुष्कळसे काम आदल्या दिवशी उरकावे लागते. मोठ्या पातेल्यातला रस्सा किंवा सूप शिजते तेव्हा त्यातले बहुतेक जंतू मरतात, परंतु क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या जिवाणूंची बीजे उकळीतूनही टिकतात आणि पातेले सावकाश निवू लागले की त्यांना वाढायला हवा तसा अवकाश मिळतो. अमेरिकेच्या आदर्श अन्नसंहितेत यासाठी स्पष्ट माप दिले आहे: शिजवलेला पदार्थ ५७ अंश सेल्सियसवरून २१ अंशांवर दोन तासांच्या आत आला पाहिजे आणि एकूण सहा तासांच्या आत ५ अंशांपर्यंत उतरला पाहिजे. दहा लिटरचे भरलेले पातेले घरच्या फ्रिजमध्ये झाकून ठेवले तर त्याच्या मध्यभागी ही उतरण गाठली जाणे अवघड असते. उलट त्या गरम पातेल्यामुळे फ्रिजमधले बाकीचे पदार्थही तापतात. यावर उपाय अवघड नाहीत. पदार्थ उथळ भांड्यांत विभागून ठेवणे, पातेले बर्फाच्या पाण्यात बसवून ढवळत राहणे आणि अन्नात खुपसायचा एक साधा तापमापक जवळ बाळगणे एवढ्याने बरेचसे काम होते. पण हे उपाय चव घेऊन सुचत नाहीत, ते शिकावे लागतात. उत्तम स्वयंपाक येणे आणि मोठ्या प्रमाणावर सुरक्षित स्वयंपाक येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि दुसऱ्याचे अल्पसे प्रशिक्षण सक्तीचे असावे यात कोणाच्याही स्वातंत्र्यावर घाला येत नाही.

याच संदर्भात एक मुद्दा आहे ज्याची चर्चा फारशी होत नाही, पण मला तो सर्वांत निकडीचा वाटतो. नोरोव्हायरससारखा पोटाचा संसर्ग झालेल्या व्यक्तीने लक्षणे थांबल्यानंतरही किमान ४८ तास इतरांसाठीच्या अन्नाला हात लावू नये, असा सर्वमान्य सल्ला आहे. या विषाणूचे अगदी थोडे कण संसर्गाला पुरतात आणि हातांना अल्कोहोलचे जेल चोळून तो नीट जात नाही. उपाहारगृहात एक आचारी आजारी पडला तर दुसरा उभा राहतो. घरच्या यजमानाला दुसरा कोणी नसतो. सहा आठवडे आधी जाहीर केलेली, पोशाखांसह ठरलेली, सगळ्या खुर्च्या विकल्या गेलेली संध्याकाळ त्याच्यासमोर असते. रद्द केली तर आणलेला माल वाया जातो, पैसे परत करावे लागतात, आणि संकेतस्थळ रद्द करणाऱ्या यजमानाला दंड करत असेल किंवा यादीत मागे ढकलत असेल तर तीही भीती असते. अशा वेळी माणूस ‘आता बरे वाटते आहे’ अशी स्वतःची समजूत घालतो आणि चुलीपुढे उभा राहतो. हा दोष एकट्या माणसाच्या नीतीचा नाही, व्यवस्थेने त्याला त्या कोपऱ्यात लोटलेले असते. म्हणून आजारपणामुळे रद्द केलेल्या जेवणासाठी यजमानाला कसलाही दंड होणार नाही, ही अट संकेतस्थळांवर कायद्याने घातली पाहिजे. ओट्याची उंची आणि फरशीचा प्रकार तपासणाऱ्या दहा नियमांपेक्षा या एका अटीने अधिक लोक आजारी पडण्यापासून वाचतील, अशी माझी खात्री आहे.

दुसरा धोका या प्रकाराच्या मोहिनीतूनच जन्मतो. अशा जेवणाचा मोठा आनंद अनपेक्षिततेत असतो. पुढे काय येणार ते ठाऊक नसणे, अंधारात चव ओळखणे, ओळखीच्या रूपात अनोळखी पदार्थ सापडणे. ज्याला शेंगदाण्याची, तिळाची किंवा कवचधारी जलचरांची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी मात्र हेच गूढ जिवावर बेतू शकते. युरोपीय संघात ॲलर्जी निर्माण करणाऱ्या १४ घटकांची माहिती सुट्या अन्नाबाबतही ग्राहकाला देणे २०१४ च्या अखेरीपासून बंधनकारक आहे. अमेरिकेत पाकीटबंद अन्नासाठी अशा प्रमुख घटकांची संख्या २०२३ पासून तिळासह नऊ झाली. घरगुती टेबलावर यजमान बहुधा ‘कोणाला काही चालत नसेल तर कळवा’ एवढी एक ओळ लिहितो आणि त्यावर काम भागवतो. ही ओळ पुरेशी नाही, कारण तिने सगळी जबाबदारी पाहुण्यावर टाकली जाते. पाहुण्याने ॲलर्जी कळवली तरी त्याच सुरीने, त्याच पाटावर, त्याच तेलात दुसरा पदार्थ झाला असेल तर त्या कळवण्याला अर्थ उरत नाही. यजमानाने प्रत्येक पदार्थातले घटक लिहून ठेवावेत, ती यादी ज्याला हवी त्याला आधी खासगीत द्यावी, आणि आपल्या एका ओट्यावर अमुक घटक पूर्णपणे वेगळा ठेवता येणार नाही हे जिथे खरे असेल तिथे तसे स्पष्ट सांगून तो पाहुणा नाकारावा. यात नाट्याचा रसभंग होत नाही. ज्याला गूढ हवे आहे त्याच्यासाठी ते शाबूत राहते. आणि समजा झाला रसभंग, तरी तो पत्करावा.

नियम कसे असावेत याबाबत जगात निरनिराळे प्रयोग झाले आहेत आणि त्यांच्याकडे नीट पाहिले तर कोणते नियम कामाचे ठरतात याचा अंदाज येतो. क्यूबामध्ये १९९० च्या दशकात, सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर आलेल्या टंचाईच्या काळात, घरगुती भोजनालयांना मान्यता मिळाली. ‘पालादार’ या नावाने ती ओळखली जातात. सुरुवातीला फक्त १२ खुर्च्यांची मुभा होती आणि कामाला घरचीच माणसे असावीत अशी अट होती. २०११ मध्ये ही मर्यादा ५० खुर्च्यांपर्यंत वाढवण्यात आली. तिथे नियमांचा रोख पाहुण्याच्या आरोग्यापेक्षा कोणी फार श्रीमंत होऊ नये याकडे अधिक होता, त्यामुळे खुर्च्या लपवण्यापासून अनेक पळवाटा निघाल्या. इटलीत संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने २०१७ मध्ये एक विधेयक मंजूर केले, त्यात वर्षाला ५०० पाहुणे आणि ५,००० युरो उत्पन्न अशी कमाल मर्यादा होती; त्याचा कायदा झाला नाही, आणि ते बरेच झाले असे मला वाटते. पाचशेपहिला पाहुणा चारशेनव्याण्णवाव्यापेक्षा अधिक धोक्यात नसतो. उत्पन्नावरची अशी तुटपुंजी मर्यादा उपाहारगृहांचा रोष शमवते, जेवणाऱ्याचे रक्षण करत नाही.

कॅलिफोर्नियाचा मार्ग मला तुलनेने विचारपूर्वक आखलेला दिसतो. तिथे २०१८ मध्ये संमत झालेल्या कायद्याने घरगुती स्वयंपाकघरातून जेवण विकणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला: दिवसाला ३० आणि आठवड्याला ६० जेवणे, वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत विक्री, अन्न त्याच दिवशी शिजवून त्याच दिवशी वाढणे, अन्नसुरक्षेचे प्रमाणपत्र आणि परवान्यासाठी स्वयंपाकघराची तपासणी. पुढे २०२३ मधील दुरुस्तीने आठवड्याची मर्यादा ९० जेवणांवर आणि विक्रीची मर्यादा १,००,००० डॉलरवर नेण्यात आली. त्याच दिवशी शिजवण्याची अट ही वर सांगितलेल्या निवत्या पातेल्याच्या धोक्यावर थेट बोट ठेवते, आणि संख्येची मर्यादा घराच्या आवाक्याशी जोडलेली आहे. या कायद्याचा कच्चा दुवा हा की तो लागू करायचा की नाही हे प्रत्येक काउंटीवर सोडले आहे, त्यामुळे एका हद्दीत जे कायदेशीर ते दहा मिनिटांच्या अंतरावर बेकायदा ठरू शकते. ब्रिटनमध्ये याहून साधी पद्धत आहे. अन्नाचा व्यवसाय घरातून असला तरी तो सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक प्रशासनाकडे नोंदवायचा. ही नोंदणी विनाशुल्क असते आणि ती नाकारता येत नाही. मला हे तत्त्व फार मोलाचे वाटते. परवानगी मागायला गेलेल्याला वर्षभर खेटे घालावे लागले तर तो चोरून धंदा करतो; नुसती नोंद करायची असेल तर तो उजेडात राहतो आणि मग त्याला शिकवता येते, तपासता येते, वेळप्रसंगी थांबवताही येते.

उपाहारगृहवाल्यांची स्पर्धेबद्दलची तक्रार मी हलक्यात काढत नाही. ते भाडे भरतात, पगार देतात, तपासण्यांना तोंड देतात, आणि शेजारच्या इमारतीत कोणी यातले काहीच न करता त्यांचेच ग्राहक नेत असेल तर त्यांना राग येणे साहजिक आहे. कर समान असावा आणि सुरक्षेचे मूळ निकष समान असावेत, एवढी त्यांची मागणी रास्त आहे. त्यापलीकडे, महिन्यातून दोनदा बारा जणांना जेवू घालणाऱ्याने रोज दीडशे जणांना वाढणाऱ्याइतकीच उभारणी करावी ही मागणी स्वतःच्या धंद्याच्या संरक्षणाची आहे, न्यायाची नव्हे.

पाहुणे कोण निवडतो आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न मला स्वयंपाकघराइतकाच महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने उपाहारगृहांना वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश यांवरून ग्राहक नाकारण्यास मनाई केली. त्याच कायद्यात मालक स्वतः राहत असलेल्या आणि पाचपेक्षा अधिक खोल्या भाड्याने न देणाऱ्या निवासस्थानांना मात्र सूट होती. आपल्या घरात कोणाला झोपू द्यायचे याबाबत माणसाला काही मोकळीक असावी, असा त्यामागचा विचार. जेवण विकणाऱ्या जागांना अशी आकारमानाची सूट त्या कायद्याने दिली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. घरगुती टेबल या दोहोंच्या मध्ये पडते आणि संकेतस्थळांची रचना ते निवासस्थानाच्या बाजूला ओढते, कारण यजमानापुढे पाहुण्याचे नाव आणि छायाचित्र येते आणि विनंती कारण न देता नाकारता येते. घरे आणि खोल्या मुक्कामासाठी भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळावर अमेरिकेतल्या पाच शहरांत केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांनी केलेल्या विनंत्या, इतर सर्व तपशील सारखे असूनही, गोऱ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी स्वीकारल्या गेल्या. पुढे २०१८ मध्ये त्या कंपनीने आरक्षण स्वीकारल्यानंतरच पाहुण्याचे छायाचित्र दाखवण्याचे जाहीर केले. जेवणाच्या बाबतीत हा उपाय पहिल्या दिवसापासून असायला हवा. खुर्ची जाहीर विक्रीला ठेवली असेल तर ती आधी पैसे भरणाऱ्याला मिळाली पाहिजे. निवड करायची मोकळीक ज्याला हवी आहे त्याने खरोखर ओळखीच्यांना बोलवावे आणि पैसे घेऊ नयेत. काही यजमानांना हे कठोर वाटेल, पण अपरिचितांच्या मैत्रीचे नाव घेऊन जाहिरात करायची आणि नावे पाहून अपरिचित गाळायचे, या दोन गोष्टी एका घरात नांदू शकत नाहीत.

यजमानाच्या सुरक्षिततेचा आक्षेप इथे कोणी घेईल आणि तो घेतलाच पाहिजे. घरात एकटी राहणारी स्त्री दहा अनोळखी माणसांना आत घेते तेव्हा ती नुसते जेवण विकत नसते, आपला पत्ता आणि आपल्या खोल्यांची रचनाही त्यांच्या हाती देत असते. म्हणून पाहुण्याची ओळख पडताळलेली असली पाहिजे, गैरवर्तन करणाऱ्याला यजमान केव्हाही बाहेर काढू शकला पाहिजे, आणि पूर्ण पत्ता पैसे भरल्यानंतरच दिला गेला पाहिजे. पण पडताळणी ही ओळखपत्राची असावी. चेहऱ्याची, आडनावाची किंवा उच्चारांची नव्हे. ती संकेतस्थळाने करावी आणि यजमानाला तिचा फक्त निकाल कळावा.

घरातली बाकीची माणसेही या हिशेबात धरायला हवीत. जाहिरातीवर एकाचे नाव असते, पण भाजी चिरणारे, खरकटी भांडी घासणारे, मुलांना दुसऱ्या खोलीत गप्प बसवणारे हात बहुधा आणखी कोणाचे तरी असतात, आणि त्या हातांना वाटा मिळतो की नाही हे कोणताही निरीक्षक पाहत नाही. कायद्याला इथे फारसे शिरता येणार नाही. निदान नोंदणीच्या वेळी घरातल्या सर्व प्रौढांची लेखी संमती घ्यावी आणि कामात भाग घेणाऱ्या प्रत्येकाने स्वच्छतेचे तेच प्रशिक्षण घ्यावे, म्हणजे त्यांचे काम कागदावर तरी दिसेल. शेजाऱ्यांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे: महिन्याला किती संध्याकाळी, किती वाजेपर्यंत आणि किती माणसे, एवढे आधी ठरले की बहुतेक तंटे उद्भवत नाहीत. दारूचे म्हणाल तर ती जेवणाच्या किमतीत धरून दिली तरी विक्रीच होते, आणि तिचे नियम जिथे जसे असतील तसे पाळावेत. घराच्या सामान्य विम्यात अशा व्यवसायातून उद्भवलेली भरपाई बहुधा बसत नाही. तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचा वेगळा विमा नसेल तर एका अपघाताने यजमानाचे घरच जाऊ शकते.

या सगळ्यात संकेतस्थळांनी आजवर स्वतःला केवळ मध्यस्थ म्हणवून घेतले आहे. प्रत्येक खुर्चीवर कमिशन घेणारा, कोणते जेवण यादीत वर दिसावे हे ठरवणारा आणि रद्द केल्यास दंड आकारू शकणारा घटक केवळ मध्यस्थ राहत नाही. नोंदणी क्रमांकाशिवाय एकही जेवण जाहीर होऊ न देणे, घटकांची यादी भरून घेतल्याशिवाय आरक्षण न उघडणे, तिसऱ्या व्यक्तीच्या इजेचा विमा स्वतः उतरवणे आणि जेवणानंतर कोणी आजारी पडल्याची तक्रार आली की तिची माहिती चोवीस तासांत स्थानिक आरोग्य विभागाला व त्या टेबलावरच्या सर्व पाहुण्यांना देणे, ही कामे त्यांना सहज जमण्यासारखी आहेत; प्रत्येक पाहुण्याचा संपर्क त्यांच्याकडे आधीच असतो. उपाहारगृहात जेवून गेलेल्या अनोळखी ग्राहकांना नंतर शोधून काढणे आरोग्य विभागाला फार जड जाते. घरगुती टेबलावर कोण बसले होते ते नावानिशी ठाऊक असते, आणि सुरक्षेच्या बाबतीत घर उपाहारगृहापेक्षा सरस ठरू शकेल अशी ही एक जागा आहे. ती कायद्याने आज वापरलेली नाही.